मैदान रिग्गईचं, क्लब सलव्याचा

आमच्या क्रिकेट क्लबला पंधरा वर्षं झाली म्हणून क्लबवाल्यांनी गुळगुळीत कागदाची स्मरणिका काढली. पहिल्याच पानावर लिहिलंय, ‘१९९२ साली रिग्गई येथे क्लबचे मैदान तयार झाले.’ तयार झाले! म्हणजे झोपलो तेव्हा वाळू होती आणि उठून दार उघडून बघतो तर मैदान, असंच ना? शी! शिरा पडो लिहिणाऱ्याच्या तोंडावर. त्या मैदानातल्या काचा मी माझ्या नवऱ्याच्या तळपायातून चिमट्याने काढल्यात. मला कोण सांगणार ते कसं तयार झालं?

मी शामला. कुवेतमध्ये एका सरकारी हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात नर्स आहे. ९०च्या आखाती युद्धाच्या आधीपासून आहे, मधलं ते पळापळीचं वर्ष सोडलं तर. राहायला हवल्लीत, खाली चपलांचं दुकान आणि वर आम्ही. विश्वास माझा नवरा. आम्ही दोघं कुडाळकडचे, एकाच वाडीतले, एकाच शाळेतले, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते. क्लबातल्या पुणेरी बायकांनी यावरून बरीच वर्षं नाकं मुरडली. मुरडोत. तो एका ठेकेदाराकडे पाइप फिटर होता आणि डावखुरी फिरकी टाकायचा. बायको म्हणून सांगत नाही, पण त्याचा बॉल खेळताना भले भले इंजिनिअर वेडेवाकडे व्हायचे.

युद्ध संपून माणसं परत यायला लागली तेव्हा रिग्गईच्या मागे एक ओसाड तुकडा पडून होता. जळके टायर, तारांची जाळी, काचा, रिकामी काडतुसं, एक अख्खा फ्रिज. विश्वास आणि प्रभाकर यांनी ती जागा हेरली. प्रभाकर परभणीकडचा, कंपनीची बस चालवायचा आणि विकेटकीपिंग करायचा. विश्वासचा बॉल कुठे वळणार ते विश्वासला स्वतःला कळायच्या आधी प्रभाकरला कळायचं. त्या दोघांनी आपल्यासारखीच वीस-पंचवीस माणसं गोळा केली, कोणी वेल्डर, कोणी गवंडी, कोणी हॉस्पिटलातला सफाईवाला. उन्हाळाभर दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, वेचणं चाललं होतं. फ्रिज प्रभाकरच्या बसला दोरीने बांधून ओढत नेला. एका साइटवर उरलेलं सिमेंट मुकादमाच्या हातापाया पडून आणलं आणि मधली पट्टी ओतली. त्यावर काथ्याचं मॅटिंग अंथरून चहूबाजूंनी खिळे ठोकले. पहिला बॉल विश्वासने टाकला आणि तो प्रभाकरच्या हनुवटीला लागला. टाके मीच घातले.

मैदान झाल्यावर इंजिनिअर आले.

चंद्रहास पुण्याचे, पेट्रोकेमिकल्समध्ये मोठ्या हुद्द्यावर, सलव्यात व्हिला. ते आणि त्यांचे पाच-सहा दोस्त शुक्रवारी गाड्या घेऊन आले, मैदान बघितलं, ‘वा, छान, छान’ म्हणाले आणि पुढच्या शुक्रवारी तंबू घेऊन आले. त्यांच्या कंपनीची त्या जागेच्या मालकाशी ओळख होती, तोंडी परवानगी मिळाली. इथपर्यंत मी काही म्हणत नाही. परवानगी लागतेच. पण आपल्या लोकांची एक खोड आहे बघा. चार मराठी माणसं परदेशात भेटली की पाचव्याची वाट न बघता घटना लिहायला बसतात. तंबूत बसून यांनी क्लबची घटना लिहिली. अध्यक्ष चंद्रहास, उपाध्यक्ष, चिटणीस, सांस्कृतिक प्रमुख. बाहेर विश्वास आणि प्रभाकर मॅटिंगला पाणी मारत होते.

घटनेत एक नियम घातला. सदस्यत्व फक्त ‘फॅमिली’वाल्यांना. ‘बॅचलर’ला नाही.

आता भारतात कोणाला हे सांगितलं तर वाटेल, बॅचलर म्हणजे लग्न न झालेला. कुवेतमध्ये तसं नाही. इथे बॅचलर म्हणजे ज्याचा पगार सरकारी अटीत बसत नाही, म्हणून ज्याला बायकोपोरांना आणता येत नाही तो. प्रभाकरची बायको द्वारका आणि दोन लेकरं परभणीकडे, आणि हा इथे रिग्गईच्या कामगार कॅम्पात एका खोलीत आठ जणांत. हा बॅचलर. वेल्डर बॅचलर, गवंडी बॅचलर. बागेत पाटी, ‘फक्त कुटुंबांसाठी’. बिल्डिंगीत पाटी, बॅचलरना जागा नाही. ते परक्याच्या देशातलं म्हणून सोडा. पण आपल्याच माणसांनी तीच पाटी उचलून आपल्याच मैदानावर लावावी? मला तेव्हा पहिल्यांदा किळस आली.

दुसऱ्यांदा आली ती लगेचच. मला वाटलं, निदान आमचं तरी प्रकरण सोपं आहे. आम्ही नवरा-बायको, पोरगी ओवी तीन वर्षांची, हवल्लीत घर. फॅमिली म्हणजे याहून वेगळं काय असतं? त्या दिवशी क्लबाच्या चहापाण्यासाठी मी बटाटेवडे तळत होते, तंबूच्या मागे, स्टोव्हवर. चंद्रहास आले, वडा उचलला, म्हणाले, “सिस्टर, विश्वासच्या अर्जाचं जरा अवघड आहे हो.”

बाकी सगळ्या बायका यांच्या ‘वहिनी’. मी मात्र ‘सिस्टर’.

“काय अवघड?”

“नियम असा आहे की सदस्याच्या व्हिसावर कुटुंब पाहिजे. तुम्ही तुमच्या स्वतःच्या व्हिसावर आहात. ओवीसुद्धा तुमच्याच. विश्वासच्या व्हिसावर कुटुंब नाहीच. म्हणजे टेक्निकली तो बॅचलर होतो.”

मी त्यांच्यासमोर उभी, हातात झारा, कपाळावर बेसन. पोरगी माझ्या ओढणीला लोंबकळतेय. आणि हा शिकलेला माणूस माझा वडा खात मला सांगतो की माझा नवरा बॅचलर आहे.

“मग मी कोण आहे हो?” मी विचारलं. “त्याने ठेवलेली?”

“अहो, असं काय बोलता! मी टेक्निकली म्हणालो.”

“मग मला मेंबर करा. माझ्या व्हिसावर कुटुंब आहे.”

ते हसले. खरंच हसले, त्यांना वाटलं मी विनोद केला. मग वडा चांगला झालाय म्हणून दुसरा उचलला. तो घास बाहेर काढावा असं मला वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

तर विश्वास ‘गेस्ट प्लेअर’ झाला. प्रभाकर आणि बाकीचेही गेस्ट प्लेअर. म्हणजे मॅच जिंकायला आत, जेवायला बाहेर. तंबूत मेंबरांसाठी खुर्च्या, चिनी मातीच्या प्लेटी, कोशिंबीर. बाहेर गेस्ट लोकांना फॉइलमधली पाकिटं. पिकअप गाडीच्या सावलीला मॅटिंगच्या गुंडाळीवर बसून खायची. मी आणि ओवी आत बसू शकत होतो म्हणे, कारण आम्ही फॅमिली! कोणाची फॅमिली ते विचारू नका. मी कधी बसले नाही. पिकअपजवळ बसून पाकीट खाल्लं. चंद्रहासांची बायको उल्का दर वेळी यायची, “अय्या शामला, इथे काय उन्हात बसलीस!” म्हणायची आणि पदर सावरत परत आत जायची.

कप मात्र सगळे सलव्यात गेले. आंतरसमाज स्पर्धेत सलग तीन वर्षं आमचा क्लब जिंकला, विकेटा विश्वासच्या, झेल प्रभाकरचे, आणि कप चंद्रहासांच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात. एकदा प्रभाकर म्हणाला, “वहिनी, मला कप नको, मला निस्ता हात लावून बघायचाय एकदा.” विश्वास हसला. मला नाही हसू आलं.

विश्वासला हे लागायचं. दाखवायचा नाही, पण मी बायको आहे. गुरुवारी रात्री पांढरी पँट इस्त्री करताना म्हणायचा, “शामल, एकदा मला त्या तंबूत हक्काने बसायचंय. बाकी काही नको.” चाळिशीचा माणूस, त्याला एका तंबूत बसायचंय. मी मनाशी ठरवलं, याला तिथे बसवीनच, मग कोणाची कितीही नाकं वर होवोत.

आमच्या वॉर्डाची मेट्रन व्हेरोना, कॅरिबियन बेटावरची. उंच, धिप्पाड, आवाज असा की पाय मोडलेला पेशंटसुद्धा उठून उभा राहील. तिला क्रिकेटचं वेड, अंपायरिंगची परीक्षा दिलेली. मीच तिला मैदानावर नेली. आधी मेंबर लोकांनी तोंडं वाकडी केली, पण दोन मॅचमध्ये सगळे सरळ झाले, कारण तिने चंद्रहासांनाच पायचीत दिलं आणि ते वाद घालायला लागले तेव्हा तिने फक्त बोटाने तंबू दाखवला. मग आपल्या लोकांचं जे होतं तेच झालं. ‘आमच्याकडे वेस्ट इंडीजची अंपायर आहे’ म्हणून गावभर मिरवायला लागले. ९८ साली वार्षिक स्नेहभोजनाला तिलाच प्रमुख पाहुणी केली. विषय दिला, ‘माझ्या गावचं मैदान’. ती म्हणाली, शामला आणि तिचा नवरा पहिल्या रांगेत बसणार असतील तर येते. ओवीसकट बसवलं. काय करतील?

सलव्यातल्या एका शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. चंद्रहासांनी मला माइक दिला आणि म्हणाले, व्हेरोना बोलेल ते तुम्ही लेडीजसाठी मराठीत सांगा. तिथल्या निम्म्या लेडीज एमएस्सी होत्या. असो. मी सांगितलं.

व्हेरोनाच्या गावात उसाचा मळा होता, मळेवाल्या गोऱ्यांचं मैदान होतं. हिरवंगार, गालिच्यासारखं. तिचे आजोबा त्या मैदानावर रूळ ओढायला होते. रूळ खेचराला जुंपायचे. खेचराच्या खुरांनी हिरवळ खराब होते म्हणून त्याच्या चारी पायांत चामड्याचे बूट चढवायचे. आजोबा ते बूट रोज पुसायचे, नाड्या बांधायचे, आणि स्वतः अनवाणी चालायचे. साहेबांना सराव हवा म्हणून दुपारभर बोलिंग टाकायचे. बॅट कधी हातात मिळाली नाही.

“खेचराला बूट!” कोणीतरी मागून म्हणालं आणि हॉलभर ‘च्च, च्च’ झालं.

मग मळ्यातल्या कारकुनांनी, दुकानदारांनी, म्हणजे ना गोरे ना काळे अशा लोकांनी, आपला वेगळा क्लब काढला. नाव हार्मनी क्लब. गिरणीच्या तळ्याशेजारी मैदान केलं. पॅव्हेलियनची दगडी भिंत व्हेरोनाच्या वडिलांनी बांधली, ते गवंडी होते. भिंत झाल्यावर त्यांनी विचारलं, मला खेळायला घेता का? तर म्हणाले, तू भिंतीच्या बाहेरून बघ. ते चांगले फास्ट बोलर होते. मोठ्या मॅचला त्यांना उसने बोलवायचे आणि मॅच झाली की मागच्या फाटकातून घरी. वीस-बावीस वर्षं असं चाललं. मग देश स्वतंत्र झाला, मळा विकला गेला, मोठं मैदान हार्मनीला मिळालं, आणि वडिलांना वयाच्या पन्नाशीत मेंबर केलं. ब्लेझर दिला. ते ब्लेझर घालून चर्चलासुद्धा जायचे, त्या उकाड्यात. पुढच्या वर्षी खाडीवरच्या कोळ्यांनी अर्ज केला. तेव्हा वडील घरी येऊन म्हणाले, “छे! त्यांच्या अंगाला मासळीचा वास येतो.”

व्हेरोना हे सांगून स्वतःच खो खो हसली, आणि हॉल तर डोक्यावर घेतला लोकांनी. टाळ्या थांबेनात. चंद्रहास उठून म्हणाले, मानवी स्वभावाचं केवढं मार्मिक दर्शन! उल्काच्या डोळ्यांत पाणी. आणि हॉलच्या बाहेर, गॅलरीत, प्रभाकर आणि बाकीचे गेस्ट प्लेअर फॉइलची पाकिटं घेऊन उभे. मला ते काचेच्या दारातून दिसत होते. एवढी निर्लज्ज टाळी मी जन्मात ऐकली नाही.

माइक माझ्या हातातच होता.

“एक विचारायचंय,” मी म्हटलं. “पाहुण्यांच्या वडिलांना पन्नाशीत मेंबर केलं. विश्वास बेचाळीसचा आहे. याला कितव्या वर्षी करणार, ते सांगून टाका. म्हणजे आम्ही तेवढं जगायचं बघतो.”

विश्वासने माझा हात ओढला, “शामल, बस खाली.” मी बसले नाही.

“माझा नवरा बॅचलर आहे असं तुमची घटना म्हणते. ही त्याची बॅचलर मुलगी. सहा वर्षं तुमच्यासाठी वडे तळले ती त्याची कोण ते पण लिहा कुठेतरी.”

व्हेरोनाला मराठी कळत नव्हतं, पण तिने जोरात टाळी वाजवली. प्रमुख पाहुणीच टाळ्या वाजवतेय म्हटल्यावर काय करतात? कमिटी तिथेच कोपऱ्यात जमली, कुजबुजली, आणि चंद्रहासांनी चेहऱ्यावर तूप लावल्यासारखं हसत जाहीर केलं की ‘ज्याची पत्नी कुवेतमध्ये वास्तव्यास आहे’ असा बदल घटनेत करत आहोत. विश्वास मेंबर झाला. त्याचे डोळे भरून आले. माझेसुद्धा. त्या रात्री मी देवापुढे साखर ठेवली, कशाला लपवू.

पुढच्या शुक्रवारी तो तंबूत खुर्चीवर बसला. प्रभाकरने बाहेरून हात केला, “जमलं गड्या!” आणि तो खरंच खूश होता. त्याच्या मनात काही नव्हतं.

मग हळूहळू काहीतरी व्हायला लागलं. आधी मला कळलं नाही. कॉलरवर क्लबचं बोधचिन्ह असलेला टी-शर्ट मिळाला, तो विश्वास बाजारात जातानाही घालायचा. ‘ते क्लबवाले’ म्हणायचा तो ‘आम्ही क्लबवाले’ म्हणायला लागला. मॅटिंग ओढायला जाईना. कंबर धरते म्हणाला. मग एकदा तंबूतून बसल्या जागी ओरडला, “प्रभाकर, डावा कोपरा नीट ताण रे!” इतकी वर्षं त्याला ‘पऱ्या’ म्हणायचा. प्रभाकरने कोपरा ताणला. मी तिथेच होते. मी म्हटलं, “उठून तू ताण की.” तर म्हणतो, “चारचौघांत बोलत जाऊ नकोस, बरं दिसत नाही.” बरं दिसत नाही! ज्या बाईने चारचौघांत बोलून याला खुर्ची मिळवून दिली तिला हा सांगतो!

व्हेरोना दोन वर्षांनी निवृत्त होऊन आपल्या बेटावर परत गेली. तिच्या जागी पुरुष अंपायर आला आणि चंद्रहास पायचीत व्हायचे थांबले.

प्रभाकर मात्र दर शुक्रवारी मॅचनंतर आमच्याकडे जेवायला यायचा, अगदी पहिल्यापासून. परभणीचा माणूस, त्याला आधी माशाचे काटे काढता येत नव्हते. माझ्याकडे बांगड्याचं तिखलं खाऊन खाऊन इतका तयार झाला की काटा सबंध काढून ताटाच्या कडेला ठेवायचा आणि म्हणायचा, “बगा वहिनी, स्टंप उखडला.” ओवी त्याला प्रभाकरकाका म्हणायची, इंग्रजीत बडबडायची, आणि तो सगळ्याला “यस बेटा, यस बेटा” म्हणायचा. महिन्यातून एकदा आमच्या फोनवरून द्वारकेशी बोलायचा. मी आतल्या खोलीत जायचे, पण त्याचा मोठा आवाज यायचाच. द्वारकेला तो फक्त मॅचबद्दल सांगायचा. कोणाला स्टंपिंग केलं, कसं केलं. कॅम्पातलं काही सांगायचा नाही.

२००१ मध्ये जागेच्या मालकाने रीतसर करार केला आणि मैदानाला कुंपण घालायचं ठरलं. फाटक, चौकीदार, आणि अट अशी की आत फक्त मेंबर आणि त्यांची कुटुंबं. गेस्ट प्लेअर बंद. म्हणजे प्रभाकरचा अर्ज मंजूर झाला नाही तर त्याच्या पायाखालची जमीनच गेली. अक्षरशः. ज्या जमिनीवरून त्याने फ्रिज ओढून नेला ती.

तो आमच्याकडे आला. जेवला, हात धुतले, आणि विश्वाससमोर चटईवर बसला. “विश्वास, तू माझं नाव सुचव. एका मेंबरनं सुचवलं तर नियमाबाहेर बी घेता येतंय म्हणे. मला तंबूत बसायचं नाही. जेवण बी नको. निस्तं स्टंपामागं उभं ऱ्हाऊ द्या. शुक्रवार सोडला तर मला इथं दुसरं काय हाय सांग.”

विश्वास म्हणाला, “अरे, हे काय सांगायचं? बघतो मी.”

मी चहाचे कप उचलत होते. ‘बघतो’ हा शब्द मला आवडला नाही. पण मी म्हटलं, उगाच कशाला संशय घ्या.

सभा मैदानावरच, तंबूत. बायका चहा-बिस्किटांच्या टेबलापाशी. उल्काने माझ्या हातात किटली दिली. हिला वाटतं नर्स म्हणजे हाताखालीच लागते. इतर विषय झाले, मग चंद्रहासांनी प्रभाकरचा अर्ज काढला. म्हणाले, “गुणी खेळाडू आहे, वादच नाही. पण एकाला घेतलं तर उद्या सगळा कॅम्प येईल. हा फॅमिली क्लब आहे. आपल्या लेडीज असतात, मुली मोठ्या होताहेत. याला कोणी सुचवतंय का?”

मी विश्वासकडे बघितलं. तो बिस्किट चहात बुडवत होता.

“कोणीच नाही? ठीक. तरी आपण लोकशाही पद्धतीने जाऊ. विरोधात कोण?”

चंद्रहासांचा हात वर गेला. चिटणिसांचा गेला. तिसरा विश्वासचा.

तिसरा! सगळ्यांचे हात वर गेले म्हणून शेवटी लाजेकाजेने याने पण केला असता, तर मी निदान भित्रा म्हणून सोडला असता. याने वाटसुद्धा बघितली नाही. क्लबचा टी-शर्ट, इस्त्रीची पँट, आणि तो हात, ज्याच्या बोटांनी त्याने इतक्या विकेटा काढल्या, तो सरळ वर. किटली टेबलावर आपटली, चहा सांडला, उल्का “अगं अगं” करत राहिली. मी ओवीला घेऊन टॅक्सी केली आणि घरी आले.

तो मागोमाग आला.

“का केलास?” मी विचारलं.

“काय का?”

“हात का वर केलास?”

बूट काढत बसला होता. वर न बघता म्हणाला, “शामल, तू समजून घे. तो बॅचलर आहे.”

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं, पण ते वडा खाणाऱ्या माणसाने म्हटलं होतं. हे माझ्या नवऱ्याने म्हटलं.

“द्वारका कोण आहे त्याची?”

“ती तिकडे. इथे कोण आहे? आठ जण एका खोलीत राहतात. आपली ओवी बारा-तेराची होतेय. उद्या त्याच्या मागोमाग कोण कोण येईल, तू बघितलेस का ते लोक?”

“बघितलेत. त्यांच्याबरोबर तू काचा वेचत होतास.”

“ते तेव्हाचं झालं.”

तोंड बघवेना मला त्याचं. इतकी वर्षं याच्यासाठी मी भांडले, वडे तळले, माइक हातात घेऊन अब्रू पणाला लावली, ती याच माणसासाठी का? की हा तेव्हाही असाच होता आणि बाहेर उन्हात बसवला होता म्हणून चांगला दिसत होता? मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढच्या शुक्रवारी कुंपणाचं काम चालू होतं म्हणून मॅच नव्हती. तरी प्रभाकर सवयीने जेवायला आला. येताना ओवीसाठी बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, आइसक्रीम. मी दोघांची ताटं वाढली. विश्वास ताटातला भात बोटांनी नुसता कालवत होता. शेवटी प्रभाकरनेच विचारलं, “मग? अर्जाचं काय झालं?”

“नाही रे झालं,” विश्वास म्हणाला. “मी खूप सांगून बघितलं. पण लोक ऐकेनात. तुला माहितेय ना चंद्रहास कसा आहे.”

शी! माझ्या घरात, माझ्या हातचं खात, त्या माणसाच्या तोंडावर.

“प्रभाकरभाऊ,” मी म्हटलं, “याने काही सांगितलं नाही. तुमचं नाव कोणीच सुचवलं नाही. आणि विरोधात तिसरा हात याचा होता. मी किटली घेऊन उभी होते, माझ्या डोळ्यांनी बघितला.”

विश्वासचा घास हातातच राहिला. “शामल!”

ओवीला मराठी कळायचं तेवढं कळलं. प्रभाकरने ताटातला उरलेला भात संपवला. अगदी शेवटचं शीतसुद्धा. अन्न टाकायचं नाही अशी त्याची पद्धत होती. उठला, मोरीत हात धुतले, टॉवेल नीट घडी करून ठेवला.

“वहिनी, तिखलं चांगलं झालतं,” म्हणाला. मग विश्वासकडे बघितलं. “द्वारकेला फोन करायचा होता. राहू दे. कॅम्पावरून करतो.”

चपला घातल्या आणि गेला. जिन्यात त्याची पावलं खालपर्यंत ऐकू आली. विश्वास कितीतरी वेळ दाराकडे बघत बसला. मला वाटलं, आता उठेल, धावत जाईल, पाय धरील त्याचे. निदान रडेल. मी थांबले होते, खरंच थांबले होते.

तो वळला. चेहरा काळवंडलेला, रडवेला.

“काय करून ठेवलंस हे?” म्हणाला. “महिन्याभरात स्पर्धा आहे, त्याला तेवढ्यापुरतं उसनं बोलवणार होतो आम्ही. आता माझ्या बोलिंगला स्टंपामागे कोण उभं राहणार?”

“तुझे मेंबर,” मी म्हटलं, आणि त्याच्यासमोरचं ताट उचललं.